गडावर जाताना डबा घेतला का?

आधीच सांगून ठेवतो, आजचा विषय जरा 'तसला' आहे. हातात पोह्यांची बशी असेल तर ती आधी संपवा, चहाही प्या, आणि मग वाचायला बसा. हसायचं असेल तर हसा. मीही पहिली दोन वर्षं हसण्यावारीच नेलं होतं.

डिसेंबर २०१९. नोकरी लागून जेमतेम सहा महिने झाले होते. हिंजवडीतली घरभाडी ऐकून घाबरलेले लोक मारुंजीच्या पुढे सरकत सरकत नेऱ्यापर्यंत येतात, त्यातलाच मी एक. शुक्रवारी रात्री नेऱ्यातून निघालो, नसरापूर, मार्गासनी, साखर करत गुंजवण्यात पोचलो आणि चोरदरवाजाच्या वाटेने राजगड चढलो. मुक्काम पद्मावती माचीवर. गार वारा, डोक्यावर चांदणं, मॅगी. पहिल्या नोकरीतला पहिला ट्रेक, सगळं कसं झकास!

सकाळी उठल्यावर जे सगळ्यांना होतं ते आम्हालाही झालं. आम्ही अकरा जण होतो, शिवाय माचीवर आणखी पाच-सहा ग्रुप. म्हणजे शंभरएक माणसं, एकच वेळ आणि एकच गरज. जो तो हातात बाटली घेऊन एकमेकांची नजर चुकवत झुडपं शोधत होता. मीही शोधलं. खाली उतरताना टाक्याजवळ ताक विकायला बसलेल्या मावशींनी मला पाहिलं. रागावल्या वगैरे नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "आवं दादा, तिकडं वर नगा जाऊ. पावसात समदं हितंच उतरतंय. आमी ह्येच पाणी पितो."

मी मागे वळून पाहिलं. मी जिथून आलो तो उतार सरळ पाण्याच्या टाक्याकडे येत होता. रात्री मॅगी शिजवली ती त्याच पाण्यात, आणि सकाळचा चहाही त्याच पाण्याचा. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये चांगले मार्कही होते, पण पाणी उतारावरून खाली येतं हे मला एका ताकवाल्या मावशींकडून शिकावं लागलं!

तर तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच गडावर शेकड्यांनी माणसं वर्षानुवर्षं राहत होती. राजगड ही काही वीकेंडची जागा नव्हती, पाव शतकाच्या आसपास ती राजधानी होती. ती माणसं सकाळी कुठे जायची?

उत्तर गडावरच आहे, फक्त आपण त्याच्यासमोर सेल्फी काढून पुढे जातो. राजगडाची संजीवनी माची पाहिली असेल तर तिथली दुहेरी तटबंदी आठवत असेल. त्या तटाच्या जाडीतच शौचकूप बांधलेले आहेत. आत एका माणसापुरती आडोशाची जागा, आणि घाण जाणार तटाच्या बाहेरच्या अंगाला, कड्याच्या दिशेने. पाण्याची टाकी तटाच्या आत. एवढंसंच डिझाइन, पण त्यात मुख्य प्रश्न सुटलेला आहे: पाणी एका बाजूला, मैला दुसऱ्या बाजूला आणि मध्ये भिंत. मालवणच्या सिंधुदुर्गातही तटात शौचकूप आहेत. त्या किल्ल्याचं बांधकाम १६६४ ला सुरू झालं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या मोजून तीन विहिरी. अशा ठिकाणी चूक केली तर शत्रूची गरजच नाही, शिबंदी आजारानेच आडवी होणार. रायगडावर राणीवशाला लागून असलेल्या शौचकुपांचे अवशेष आजही पाहायला मिळतात. म्हणजे बायकांना आडोसा हवा, तो घराजवळ हवा, हा विचार तेव्हा झालेला होता.

हे मुद्दाम लिहितोय. आमच्या त्या ट्रेकला दोन मैत्रिणी होत्या. त्यातली एक आदल्या दुपारपासून पाणीच पीत नव्हती. मला वाटलं, हिला तहानच लागत नसेल. खूप नंतर तिने सांगितलं की गडावर जायचं म्हटलं की ती पाणी बंद करते, कारण झुडूप शोधायचं, कोणीतरी पहाऱ्याला उभं करायचं, आणि तरी चार टवाळ पोरं तिथूनच जाणार. उन्हात पाणी न पिता चढायचं म्हणजे स्वतःहून चक्कर ओढवून घ्यायची. आम्ही जे हसण्यावारी नेत होतो ते तिच्यासाठी प्रत्येक ट्रेकचं गणित होतं.

असो. शौचकुपांवरून शोधत शोधत मी पोचलो आज्ञापत्रावर. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेला हा ग्रंथ. राज्य कसं चालवावं यावर. त्यातलं दुर्गांचं प्रकरण इतिहासाच्या पुस्तकात नावापुरतं भेटलेलं असतं. मी ते पहिल्यांदा नीट वाचलं आणि चाटच पडलो. तोफा, बुरूज, दरवाजे हे सगळं आहेच, पण सोबत केरकचऱ्याचा हुकूमही आहे! रस्त्यांवर, बाजारात, तटाच्या कडेने केर पडू देऊ नये. झाडून घ्यावा. झाडलेला केर गडाखाली लोटून न देता जागच्या जागी जाळावा. आणि ती राखसुद्धा वाया घालवू नये, परसात टाकावी आणि घरोघरी भाजीपाला करावा. पाण्याबद्दलही तितकंच कडक: गड बांधण्याआधी पाणी बघा, नसेल तर खडक फोडून टाकी करा, एका झऱ्याच्या भरवशावर राहू नका, आणि आहे ते पाणी जपा.

म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी एका मंत्र्याला हे कळत होतं की कडेलोट केलेला केर नाहीसा होत नाही, तो फक्त आपल्या नजरेआड होतो. आणि 'परस' हा शब्द बघा. आपल्या आज्या 'परसाकडे जाऊन येते' म्हणायच्या. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, जिथे भाजी लावायची आणि जिथे 'जायचं'ही. एकाच शब्दात खत आणि भाजी दोन्ही!

इथवर लेख छान गर्वाने संपवता आला असता. आमचे पूर्वज किती पुढे होते, जय वगैरे. पण एक प्रश्न राहतोच. 'झाडून घ्यावा' हे खरं, पण झाडायचा कोणी?

रायगडाच्या जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. ते पाहून प्रत्येकाच्या अंगावर काटा येतो, माझ्याही आला. पण केर झाडणाऱ्याचं, मैला उचलणाऱ्याचं नाव कुठल्या गडाच्या कुठल्या पायरीवर नाही. आपल्या समाजाने ते काम जातीवर टाकलं आणि मग त्या जातीला गावाबाहेर टाकलं. पुढे शहरं वाढली, टोपलीचे संडास आले, पहाटे मागच्या बोळातून येऊन टोपली नेणारी माणसं आली. पुण्या-मुंबईच्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत तो मागचा बोळ ठेवलेला असायचा. माणूस दिसू नये अशी सोय!

आणि इथे मला भेटले आप्पासाहेब पटवर्धन.

खरं नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, जन्म १८९४. यांना 'कोकणचे गांधी' म्हणतात, एवढंच मला माहीत होतं. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात राजकीय कैदी होते. तुरुंगात कामं जातीप्रमाणे वाटलेली. मैला साफ करायचं काम ठरावीक जातींच्या कैद्यांना, उच्चवर्णीयांना मनाई. आप्पासाहेबांनी अर्ज केला: मला भंगीकाम द्या. नाही म्हणाले. मग त्यांनी अन्न कमी केलं, उपवासावर आले. ही बातमी इकडे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली आणि डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. तो दोन दिवसांत सुटला, सरकारला विचार करायचं आश्वासन द्यावं लागलं.

जरा थांबून विचार करा. माणसं तुरुंगात चांगलं जेवण मागतात, पुस्तकं मागतात, सुटका मागतात. या माणसाने संडास साफ करायचा हक्क मागितला आणि त्यासाठी जेवण सोडलं. आणि तुरुंगातल्या जातवार कामांचा प्रश्न किती चिवट असावा? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांमधली जातीवर आधारित कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. १९३२ ते २०२४. ब्याण्णव वर्षं!

आप्पासाहेब तिथेच थांबले नाहीत. फक्त 'मी पण झाडू मारतो' म्हटल्याने मैला वाहणाऱ्याची सुटका होत नाही, हे त्यांना कळलं होतं. मैला वाहावाच लागू नये असा संडास हवा. कणकवलीजवळ १९४८ मध्ये त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि तिथे संडासाचे प्रयोग केले. तत्त्व साधं आहे: मैला मातीआड करायचा, कुजू द्यायचा. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. या खताला मराठीत सुंदर शब्द आहे, सोनखत. ज्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं त्याला सोनं म्हणणारी भाषा आपली आहे, हे मला आवडलं.

आता गंमत बघा. हे कोकणातलं काम पुढे कुठे आलं? तर माझ्या नेऱ्यापासून गाडीने फार तर पाऊण तासावर. देहूला!

डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर साठच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी डॉक्टर म्हणून देहूच्या आरोग्य केंद्रात आले. तुकोबांचं गाव, वारीचं गाव, आणि सकाळी सगळं गाव उघड्यावर. दवाखान्यात येणारे निम्मे आजार पोटाचे आणि जंतांचे. औषध देऊन बरा केलेला पेशंट परत तेच घेऊन येणार. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅच मारून उपयोग नाही, मूळ कारणच दुसरीकडे आहे. डॉक्टरांनी संडास बांधायचं मनावर घेतलं. पहिले बांधलेले पावसाळ्यात ढासळले. लोक वैतागले. दुसरा कोणी असता तर बदली मागून गेला असता. हे आप्पासाहेबांच्या कामापर्यंत पोचले, शिकले, बदल केले आणि पुन्हा लागले. घरोघरी जाऊन बोलत राहिले, दोन-चार वर्षं नव्हे, दशकानुदशकं. पुढे संडासाला जोडलेला बायोगॅस, त्याचं नाव 'मलप्रभा'. म्हणजे ज्याची किळस त्याच्यावर चहा! देहूत त्यांनी काढलेल्या संस्थेला नावही स्वतःचं नाही दिलं, ती 'आप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन'. डॉक्टर २०१५ मध्ये गेले. पद्मश्री मिळाली २०१७ मध्ये, मरणोत्तर.

मी देहूला कित्येकदा गेलोय. गाथा मंदिर पाहिलंय, इंद्रायणीच्या घाटावर बसलोय. हे नाव मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचं आपल्याला थोडंफार आठवतं. सन २००० पासूनचं गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, 'हागणदारीमुक्त गाव'च्या पाट्या, पहाटे टमरेलवाल्यांना गाठून गुलाबाचं फूल देणारं गुड मॉर्निंग पथक. एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. जाहीर होणं आणि होणं यात अंतर असतं, मान्य. पण गडाच्या पायथ्याच्या गावांत घरोघरी संडास आले, ते आपण येता-जाता बघतोच.

आता पूर्ण चित्र डोळ्यांसमोर आणा. ज्या गावातल्या माणसांना आपण पन्नास वर्षं सांगितलं की उघड्यावर बसू नका, त्यांनी ऐकलं, संडास बांधले. आणि दर शनिवार-रविवारी शहरातून शेकडो शिकलेली माणसं, चार-पाच हजारांचे बूट घालून, त्याच गावाच्या डोक्यावर जाऊन उघड्यावर बसतात. गुड मॉर्निंग पथक आता खरं तर गावकऱ्यांनी काढायला हवं, आपल्यासाठी. फूल मात्र देऊ नका म्हणावं, आपण त्याचाही फोटो टाकू!

जगात लोक याचं काय करतात तेही बघितलं. जंगलातली सर्वमान्य पद्धत अशी: पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामापासून किमान २०० फूट लांब जायचं, म्हणजे साधारण सत्तर पावलं. सहा ते आठ इंच खोल खड्डा करायचा आणि नंतर मातीने बुजवायचा. वरच्या थरातल्या मातीतच जीवजंतू जास्त असतात, ते काम संपवतात. पण यात एक अट लपलेली आहे: माती हवी. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर बसाल्टचा कातळ आणि त्यावर चार बोटं माती. सहा इंच खणायला गेलात तर खुरपं वाकेल. आणि त्यावर जून ते सप्टेंबरचा पाऊस. त्या पावसात कातळावरचं सगळं सर्वात खोल जागी उतरतं. सर्वात खोल जागा कोणती? टाकं! पूर्वजांनी ते मुद्दाम तिथेच खोदलंय, पाणी आपोआप यावं म्हणून. जी यंत्रणा पाणी गोळा करते तीच आपली घाणही गोळा करते.

जिथे माती नाही तिथे जगभर एकच उत्तर आहे: आपलं आपण परत आणायचं. एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बाजूला, खुंबूच्या गावपालिकेने २०२४ पासून गिर्यारोहकांना विष्ठेच्या पिशव्या सक्तीच्या केल्या. तिथे थंडीने काही कुजतच नाही. अमेरिकेत माउंट व्हिटनीच्या वाटेवरचे संडास काढून टाकले आणि प्रत्येकाला पिशवी दिली. म्हणजे करोडपती माणूससुद्धा आपलं पाठीवर घेऊन उतरतो.

हे मी ग्रुपवर सांगितलं तेव्हा आलेली उत्तरं ठरलेली होती. 'ईईई', 'तू आण बाबा', उलटीच्या इमोजींची रांग. एकाने लिहिलं, गावातल्या एखाद्याला पैसे देऊ ना, तो साफ करेल. हसत हसतच लिहिलं होतं त्याने, वाईट मुलगा नाही तो. पण त्या एका ओळीत सगळा इतिहास आला. कुत्रा पाळणारा माणूस सोसायटीत पिशवी घेऊन मागे फिरतो, बाळाचे लंगोट आई-बाप बदलतात, तिथे किळस आडवी येत नाही. आपली स्वतःची उचलायची म्हटलं की येते. कारण 'हे काम आपलं नाही' हे आपल्याला शिकवावं लागत नाही, ते घरातूनच आलेलं असतं. माझ्याही आलेलं आहे. माझं आडनाव बघून कोणी कधी माझ्या हातात टोपली दिली नसती.

म्हणून २०२३ च्या जानेवारीत परत राजगडला जाताना मी डबा नेला. फिरकीच्या झाकणाचा, दोन लिटरचा, तळाला राख घालून. राख गावच्या चुलीतली, आईने का हवी विचारलं तेव्हा झाडांना म्हटलं. सकाळी उरकलं, वरून राख टाकली, झाकण लावलं, दोन पिशव्यांत गुंडाळून सॅकच्या तळाशी. वास? शून्य. वजन? उरलेल्या पाण्याच्या बाटलीपेक्षा कमी. चोरदरवाजाच्या पॅचवर मित्र ओरडला, "बाजूला व्हा, सोनखत येतंय!" सगळे हसले, मीही हसलो. नेऱ्यात येऊन कमोडमध्ये रिकामा केला, फिनेलने धुतला, बाल्कनीत उन्हात ठेवला. दहा मिनिटं लागली. कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही हे मात्र ठरवलेलं होतं. तिथे टाकलं तर उद्या सकाळी कचरा वेगळा करणाऱ्या ताईच्या हातात तेच जाणार, मग सगळा खटाटोप कशाला?

तेवढ्यानेही गोष्ट संपली नाही. पुढच्याच आठवड्यात सोसायटीच्या मागच्या बाजूला मैला उपसायचा टँकर आला. एक माणूस पाइप सोडून चेंबरमध्ये वाकून बघत होता, हातात मोजे नाहीत. माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तो उतरला नव्हता, पण काठावर होताच. माझा गडावरून आणलेला डबा शेवटी त्याच्याच पाइपात गेला होता. खाली जाऊन सेक्रेटरींना मोज्यांबद्दल बोललो. पुढच्या वेळी टँकरवाल्याला आधी विचारून घेऊ म्हणाले. बघू.

पण मला हिशेब कळला. मैला कधीच 'जात' नाही, तो कोणाकडे तरी जातो. गडावर मावशींच्या टाक्यात, खाली त्या माणसाच्या हातात. आपण फक्त मधले हात कमी करू शकतो.

जुलै २०२५ मध्ये राजगड, रायगड, लोहगड, सिंधुदुर्ग धरून मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आनंदच आहे. गर्दी आणखी वाढणार, हेही नक्की. वर पक्के संडास बांधावेत का, पाणी कुठून आणायचं, मैला कोण उतरवणार, यावर भरपूर वाद होतील, व्हायलाच हवेत. तोवर आपल्या हातात आहे ते साधं आहे. निघण्याआधी पायथ्याच्या गावात चहा घेताना पैसे देऊन संडास वापरायचा. माती असेल तर खुरपं, सत्तर पावलं. कातळ असेल तर डबा. ओले टिश्यू आणि पॅड वर सोडायचे नाहीत, ते कुजत नाहीत. आणि ग्रुपमध्ये मुली असतील तर एक छोटा तंबू फक्त आडोशासाठी न्यायचा, म्हणजे कोणी पाणी बंद करणार नाही.

ताकवाल्या मावशी त्या वेळी भेटल्या. त्यांना माझा चेहरा आठवत नव्हता, आठवायचं कारणही नाही. दोन ग्लास ताक प्यायलो. डब्याचं सांगितलं नाही, लाज वाटली.

पुढच्या शनिवारी परत चाललोय. कोणी येणार असेल तर या. जेवणाचा डबा मी आणतो, दुसरा ज्याचा त्याने आणायचा.